मावशी पहिल्या रांगेत

माझ्या नणंदेनं, म्हणजे आमच्या ताईनं, छप्पन्नाव्या वर्षी एकपात्री नाटक करायचं ठरवलं, तेव्हा घरात सगळ्यांनी आधी पोटभर हसून घेतलं. सासर माझं असं, की इथे आजवर कुणाचं एक वाक्य धड पुरं झालेलं नाही. एकानं गोष्ट सुरू केली की दुसरा मध्येच तोंड घालतो, तिसरा म्हणतो, तसं नव्हतंच ते, आणि ज्याची गोष्ट तो जेवून उठतो. लग्न होऊन आले तेव्हा वर्षभर मला वाटायचं, भांडणंच चाललीत. ताईनं नोकरीसुद्धा दाताच्या डॉक्टरांकडे धरली, सव्वीस वर्षं झाली. समोरच्याच्या तोंडात हत्यारं असली की निदान आपलं बोलणं पुरं होतं, म्हणते.

आणि आता ही बाई एकटी दीड तास बोलणार, तेही आमच्या ज्यू घरातल्या बायकांवर. पणजी, आजी, आई आणि ती स्वतः. सामान काय, तर एक खुर्ची, एक सुटकेस आणि डोक्याचा एक रुमाल. हनुवटीखाली गाठ मारली की पणजी, मानेमागे मारली की आजी, नुसता खांद्यावर टाकला की आई. महिनाभर तालमी माझ्या स्वयंपाकघरात. शुक्रवारी सूर्य मावळायच्या आत पणजी मेणबत्त्या लावते आणि डोळ्यांवर हात धरते, तेवढं बघता बघता मी दोनदा भाजी करपवली. चिडचिड करायचे मी, पण खरं सांगू का, दुसऱ्या दिवशी तिची वाट बघायचे.

घोडं अडलं ते मावशीपाशी. मावशी म्हणजे माझ्या सासूबाईंची धाकटी बहीण. वय चौऱ्याऐंशी, त्या पिढीतली एकटीच उरलेली. आजीनं देश सोडला तेव्हा प्रवासाचे कागद एकाच मुलीचे मिळाले होते. थोरलीला तिनं बरोबर नेलं, धाकटीला शेजारणीकडे ठेवलं आणि दोन वर्षांनी बोलावून घेतलं. मावशी जन्मभर सांगत आली, मला ताप होता म्हणून मी राहिले. सासूबाईंनी मात्र शेवटच्या आजारात ताईला सांगितलं, ताप-बिप काही नव्हता, आईनं निवडलं.

ताईनं तेच लिहिलं, आणि मावशीला कुठून तरी ते कळलं. फोनवर एवढंच म्हणाली, "ताप दाखव. नाहीतर भर नाटकात उठून उभी राहीन."

"तिला बोलावूच नकोस," माझा नवरा म्हणाला.

"ताप दाखवलास तर काय बिघडतंय?" मी म्हणाले.

ताई आम्हा दोघांवर उखडली. "या घरात सगळे सगळं बोलतात. एवढं एकच कुणी कधी बोललं नाही. ते गाळलं तर माझ्या नाटकात उरलं काय?" पण तिची झोप उडाली होती. तापाचं आणि बिनतापाचं, दोन्ही तिनं पाठ करून ठेवलं, आणि कुठलं करणार ते मलाही सांगेना.

रविवारी दुपारी चार वाजता प्रयोग. सव्वाशे खुर्च्या, सगळ्या भरलेल्या, मागे दहाबारा माणसं उभी. दिव्यांची बटणं माझ्याकडे.

"आली?" ताईनं विंगेतून विचारलं.

"आली. पहिल्या रांगेत, मधोमध. काठी मांडीवर आडवी घेऊन बसलीये."

पडदा उघडला आणि काय सांगू तुम्हाला, पणजी अशी काही उभी राहिली की दहाव्या मिनिटाला टाळी पडली. मी विंगेत नाचायचीच बाकी होते. मग ताईनं हनुवटीखालची गाठ सोडून मानेमागे मारली. आजीनं सुटकेस उचलली, दाराकडे दोन पावलं टाकली आणि थांबली.

"कागद एकीचाच आहे. थोरलीला नेते."

काठी जमिनीवर आपटली. मावशी उभी राहिली होती.

"मला ताप होता."

लोकांना वाटलं, नाटकातलंच आहे. माझं बोट बटणावर, अंधार करू की नको ते सुचेना. ताईनं सुटकेस खाली ठेवली आणि रंगमंचाच्या कडेपर्यंत आली. आता ही म्हणणार, मावशी, बस ना गं.

"नव्हता बाळा," ती आजीच्याच आवाजात म्हणाली. "अंग गार होतं तुझं. तीनदा हात लावून पाहिला मी."

हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. मला सगळं नाटक पाठ होतं ना.

मावशी काठी धरून तशीच उभी. तिनं विचारलं तेव्हा आवाज अगदी बारीक झाला होता. "मग मला का ठेवलंस?"

"थोरलीनं रडून गाव गोळा केला असता. तिला कुणी दोन दिवस ठेवून घेतलं नसतं. तू शहाणी होतीस. वाटलं, तू राहशील."

"मी रोज रडायचे."

"मला कुणी कळवलं नाही गं."

"मीच कळवू दिलं नाही. वाटलं, रडते म्हटल्यावर तू न्यायला येणारच नाहीस."

ताईचा चेहरा पार उतरला, आजी कुठे संपली आणि ती कुठे सुरू झाली ते मलाही कळेना. मावशी चाचपडत खाली बसली, काठी परत मांडीवर घेतली आणि तिच्याकडे बघत हातानं दाराकडे खूण केली.

"जा आता, आई. गाडी चुकेल तुझी."