भिंतीवरचा गुडमार

संशय घेणं हे माझं पोटापाण्याचं काम आहे. आमच्या प्रयोगशाळेत औषधी वनस्पतींचे कोवळे तुकडे बाटलीतल्या जेलीवर वाढवतात, आणि मी दिवसभर एकेक बाटली उजेडात धरून बुरशी शोधते. पण आईनं माझ्यावर संशय घेतला की माझं डोकं फिरतं.

बरकतपुऱ्यातल्या आमच्या बिल्डिंगला पार्किंगसाठी मागची भिंत पाडायची होती. भिंत आमच्या परसातली, म्हणून आईचा होकार हवा होता. आणि त्या भिंतीवर बाबांचा गुडमारचा वेल. साखरेचं दुखणं लागल्यावर बाबांनी तो नांदेडकडच्या एका शेताच्या कुंपणावरून आणून लावला होता. त्याचं पान चावलं की काही वेळ साखर वाळूसारखी लागते. बाबा गेले, वेल राहिला. फांद्या लावून पाहिल्या, एकही जगली नाही. शेवटी मी त्याचं एक पेर प्रयोगशाळेत नेलं.

"बाटलीतलं झाड," आई म्हणाली. "कुणाचं बी रोप आणून देशील, मला काय कळणार?"

"कळेल. पान चावून साखर खा."

"हौ. तसंच लागलं तर पाडा म्हणावं भिंत. नाही तर नक्को."

रोप मुळं धरून कुंडीत रुळेपर्यंत कितीतरी महिने गेले. घरी आणल्यावर आई ते बाबांच्या वेलाशेजारी धरून पान न् पान उलटून बघायची, आणि मग माझ्याकडे, मी चोर असल्यासारखं.

सोसायटीचे सेक्रेटरी दारात येऊन उभे राहिले. "अम्मा, देख लिये क्या? कल से दीवार तोडते."

आईनं नव्या रोपाचं पान चावलं, साखरेची चिमूट जिभेवर ठेवली, डोळे मिटले.

"गोड लागते," ती म्हणाली. "हा त्यांचा नाही."

बाटल्यांची अदलाबदल झाली? कुणी केली? सोबत काम करणाऱ्या प्रत्येकीवर मी मनातल्या मनात आळ घेऊन मोकळी झाले. मग कुंडी स्वयंपाकघरात नेली, त्याच रोपाचं पान चावलं आणि साखर तोंडात टाकली. वाळू. नुसती वाळू.

तणतणत बाहेर आले. आई माझ्याकडे बघतच नव्हती. पदराचं टोक मुठीत आवळून ती खिडकीतून मागच्या भिंतीकडे बघत होती. माझा राग कुठल्या कुठे गेला आणि एकदम रडू यायला लागलं.

"तुम बोलो, बेटी," सेक्रेटरी म्हणाले. "तुम तो लॅबवाले."

तोंडात अजून वाळूच होती.

"मीठीच लगरी, अंकल," मी म्हणाले.