डाव्या हाताचं तिसरं कपाट

उकंडा मनवर बोरी अरबच्या शाळेत शिपाई म्हणून लागला तेव्हा त्याला धड मिशी नव्हती, आणि आता निवृत्तीला आठ महिने उरले असताना त्याच मिशीला दर रविवारी मेंदी लागते. मधल्या काळात मुख्याध्यापक अकरा येऊन गेले. रेकॉर्डची खोली मात्र एकाच माणसाच्या ताब्यात राहिली. सतरा लोखंडी कपाटं, प्रत्येकात पाच कप्पे, कप्प्यांत लाल फडक्यात बांधलेले बस्ते आणि बस्त्यांत रजिस्टरं. कोणी आजोबाचा दाखला मागायला आलं की साहेब चहा सांगायचे, आणि चहा यायच्या आत उकंडाभाऊ रजिस्टर घेऊन हजर. याचा त्याला गर्व होता का? होता. बम होता. का नसावा?

त्याच्याकडे एक वही होती. शर्टाच्या आतल्या खिशात, घामानं फुगलेली. कोणतं रजिस्टर कुठं, ते सगळं त्यात लिहिलेलं. '१९५८ दाखल-खारीज : आत गेल्यावर डाव्या हाताचं तिसरं कपाट, वरून दुसरा कप्पा, मागचा बस्ता.' अशा दोनशे ओळी. ही वही तो कोणाला दाखवत नसे. बायकोलाही नाही.

अशा माणसासमोर गेल्या दिवाळीनंतर समीक्षा येऊन बसली. याच शाळेत शिकलेली पोरगी, आता लोहाऱ्याला एका छोट्या ऑफिसात कॉम्प्युटरचे प्रोग्राम लिहिते. मुख्याध्यापक सदाशिवरावांनी तिला सांगितलं, "जुन्या रजिस्टरांची पानं स्कॅन करून कॉम्प्युटरमध्ये अशी ठेव, की बटन दाबलं का पान समोर." साहेबांच्या खोलीतला एक कॉम्प्युटर त्यासाठी बाजूला काढला. ती त्याला सर्व्हर म्हणायची. उकंडाभाऊ त्याला पेटी म्हणायचा, आणि तोंड वाकडं करून म्हणायचा.

प्रोग्रामचं काम साधं होतं. पान आलं की 'नोंदी' नावाच्या फोल्डरमध्ये वर्षाचा फोल्डर करायचा, वर्षात इयत्तेचा करायचा आणि त्यात पान ठेवायचं. पण पहिल्याच पानाला स्क्रीनवर लाल ओळ आली. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा तीच. समीक्षानं डोक्याला हात लावला. उकंडाभाऊ रजिस्टर धरून मागं उभाच होता.

"काय म्हनते पेटी?"

"म्हणते, असा फोल्डर सापडत नाही. अहो काका, मी तोच तर बनवायला सांगितला!"

"कोनता बनवून राह्यली तू?"

"एकोणीसशे अठ्ठावन्नमधला पहिलीचा."

"अन् एकोनीसशे अठ्ठावन बनवला का?"

समीक्षानं प्रोग्रामच्या ओळी पुन्हा वरून खाली वाचल्या.

"अवं पोरी, कपाटच नाई, अन् तू कप्प्यात बस्ता ठेवून राह्यली! पडन नाई तर काय होईन?"

समीक्षानं एक ओळ बदलली. वाटेत जो जो फोल्डर नसेल तो आधी बनवत जा, मग पुढं जा, असं प्रोग्रामला सांगितलं. पान गपकन जागेवर गेलं. ती खुर्चीतच उडाली. उकंडाभाऊला मात्र नवीनच शंका आली.

"म्हंजे आता हे पेटी काहीबी बनवन? इचारनार नाई?"

"नाही विचारणार. नसलं की बनवणार."

"असा एक शिपाई होता आपल्याकडं. सांगितलं का करे, इचारे नाई. एक डाव साह्यबाचं टेबल हेडमास्तरनीबाईच्या घरी नेऊन ठेवलं. सांभाळ बाप्पा!"

समीक्षा हसली. त्या दिवसापासून पानठेल्यावर उकंडाभाऊ सांगू लागला, की इंजिनेर पोरीचा कॉम्प्युटर अडला होता, तो आपण तोंडी दुरुस्त केला. उन्हाळ्यापर्यंत १९७५ पर्यंतची पानं पेटीत गेली. "आता वीज गेली-आली तरी प्रोग्राम आपोआप सुरू होईल," असं सांगून समीक्षा लोहाऱ्याला परतली.

मे महिन्यात उकंडाभाऊच्या लेकीचं लग्न होतं. त्यानं जन्मात पहिल्यांदा पूर्ण महिन्याची रजा टाकली. त्याच महिन्यात शाळेची रंगरंगोटी निघाली. रेकॉर्डच्या खोलीचा एकुलता एक, मागच्या पाण्याच्या टाकीकडचा दरवाजा पावसात फुगायचा, म्हणून तो काढून तिथं अर्धी भिंत घातली, वर खिडकी ठेवली, आणि समोरच्या व्हरांड्यातून नवा दरवाजा पाडला. पेंटर उत्साही निघाला. त्यानं कपाटांनाही राखाडी रंग फासला, वर चिकटवलेल्या चिठ्ठ्यांसकट. आणि मेच्या वादळात वीज तीन वेळा गेली, तीन वेळा आली. उकंडाभाऊ लेकीला सासरी पोचवून कामावर आला, नवा दरवाजा पाहिला, "बरं केलं, उजेड येते," म्हणाला आणि विसरून गेला.

जूनच्या शेवटी एका सकाळी अकराला तांड्यावरून ममता राठोड आली. सोबत तिचे आजोबा डोंगरसिंग. पोरीचा नर्सिंगला नंबर लागला होता. जात पडताळणीसाठी आजोबाच्या शाळेतल्या जुन्या नोंदीचा उतारा हवा होता, मूळ रजिस्टरावरून, साहेबांच्या सही-शिक्क्याचा. आजच शेवटचा दिवस. तीनची एसटी धरली तर यवतमाळला कार्यालय बंद व्हायच्या आत पोचता येणार होतं. नाही धरली तर जागा दुसऱ्याची.

"अठ्ठावन सालची नोंद हाये," ममता म्हणाली. तिच्या हातातली फाईल घामानं ओली झाली होती.

"बस बेटा," उकंडाभाऊ म्हणाला. "साह्यब, चहा सांगा."

योगायोगानं समीक्षाही त्या दिवशी पुढची पानं भरायला आली होती. "काका, तुम्ही कशाला उठता? आता बटनाचं काम आहे," ती म्हणाली. एक बटन, १९५८. दुसरं बटन, इयत्ता पहिली. फोल्डर उघडला. आत काहीच नाही. रिकामा. तिनं १९५९ उघडला. रिकामा. १९६३, रिकामा. सहा महिन्यांची पानं जणू उंदरानं खाल्ली. समीक्षाचा चेहरा पांढराफटक पडला.

"फोल्डर आहेत ना," सदाशिवराव धीर देत म्हणाले.

"फोल्डर आहेत सर! पानंच नाहीत!"

उकंडाभाऊला वाईट वाटलं, हे खरं. पण त्याच्या मिशीखाली थोडं हसू आलं, हेही खरं. त्यानं सगळ्यांसमोर वही काढली. व्हरांड्यातून आत गेला, डाव्या हाताचं तिसरं कपाट उघडलं, वरून दुसरा कप्पा, मागचा बस्ता. गाठ सोडली. आत पोषण आहाराच्या पावत्या निघाल्या. तांदूळ, मटकी, तिखट. सन २०११.

"असं कसं?" तो म्हणाला. चौथं पाहिलं. दुसरं पाहिलं. एकात तबल्याची फुटकी जोडी. बाहेर चहा आला. उकंडाभाऊच्या उभ्या नोकरीत चहा आधी आणि रजिस्टर नंतर असं कधी झालं नव्हतं. तो थंड झाला, त्यावर साय धरली. दोन वाजले. कपाटं सतरा, बस्ते दोनशेवर, सगळे लाल, आणि नव्या रंगानं चिकटलेली दारं दर वेळी लाथ मारून उघडायची.

"काका, सापडन ना?" ममतानं दारातून विचारलं. तिच्या आवाजात रडू होतं.

हे उकंडाभाऊच्या काळजाला लागलं. तो बाकावर बसला. त्यानं डोळे मिटून हात पुढं केला, आत जाताना जायचा तसा. हात डावीकडं गेला. त्यानं डोळे उघडले. हात टाकीकडच्या नव्या भिंतीकडं होता. मग तो एकदम उठला, बाहेर पडला आणि शाळेला अर्धा वळसा घालून टाकीपाशी गेला. सगळे त्याच्या मागं.

"साह्यब, स्टूल धरा."

"कायले रे?"

"मले इकूनच आत जा लागते. माह्यं डावं इकूनचं डावं हाये."

जिथं आधी दरवाजा होता तिथं आता खिडकी होती. जाळी अजून बसायची होती, हे नशीब. साठीला टेकलेला माणूस स्टुलावर चढला, एक पाय आत टाकला आणि मधोमध अडकला. लेकीच्या लग्नातले लाडू पोटाशी होतेच. मुख्याध्यापक सदाशिवराव, एम.ए. बी.एड., यांनी इकडंतिकडं पाहिलं, कोणी विद्यार्थी नाही याची खात्री केली आणि आपल्या शिपायाला मागून जोर लावून ढकललं. आत धप्पकन आवाज झाला. "जिवंत हाये!" अशी आरोळी आली. मग पावलं. एक, दोन, तीन. दार उघडल्याचा आवाज. मग पानं उलटल्याची सळसळ.

"सापडलं!" उकंडाभाऊ आतून ओरडला. "पोरी, सापडलं वं!"

ममता टाकीपाशीच खाली बसली आणि ढसाढसा रडली. डोंगरसिंग तिच्या डोक्यावर हात ठेवून नुसता उभा राहिला.

समीक्षा मात्र खिडकीकडंच पाहत होती. "माझं डावं इकडूनचं डावं," ती पुटपुटली आणि पळतच साहेबांच्या खोलीत गेली. तिनं प्रोग्रामला लिहून दिलं होतं, 'नोंदी' फोल्डरात जा. कुठल्या 'नोंदी'? तर तू जिथं उभा असशील तिथल्या! ती स्वतः सुरू करायची तेव्हा तो प्रोग्राम आपल्या घरात उभा असायचा. वीज आल्यावर आपोआप सुरू झाला तेव्हा तो भलत्याच ठिकाणी उभा होता. तिथं 'नोंदी' नव्हतं. त्यानं न विचारता, गुण्यागोविंदानं नवं 'नोंदी' मांडलं. आपण १९५८ मागितलं, त्यानं तेही जागच्या जागी बनवून दिलं, रिकामं. जुनी पानं जुन्या घरी सुखरूप पडून होती. उकंडाभाऊ कोळिष्टकं झटकत आत आला तेव्हा तेच पान स्क्रीनवर झळकत होतं.

"काका, माझी पेटी तुमच्यासारखीच निघाली. दुसऱ्या दारानं आत गेली आणि येडबडली."

"मले पेटी नको म्हनू," उकंडाभाऊ म्हणाला, आणि बऱ्याच वेळानं हसला.

सदाशिवरावांनी उतारा लिहायला घेतला. डोंगरसिंग सेवादास राठोड. दाखल, जुलै अठ्ठावन्न. खारीज, ऑक्टोबर अठ्ठावन्न. "शाळा सोडण्याचे कारण," त्यांनी मोठ्यानं वाचलं, "न सांगता गेला."

इतका वेळ गप्प असलेला डोंगरसिंग उसळला. "खोटं हाये! सांगून गेलतो म्या! म्हनलं, गुरुजी, जातो, घरी बकऱ्या चारा लागते. गुरुजी झोपेल होते!"

"बाबा, आता ते बदलता येत नाही," सदाशिवराव कसेबसे हसू दाबत म्हणाले आणि शिक्का मारला. दोन वाजून पन्नास मिनिटं. ममता उतारा घेऊन धावली. एसटी सुटताना तिनं खिडकीतून हात हलवला, आणि उकंडाभाऊनं दोन्ही हात हलवले.

त्या आठवड्यात समीक्षानं प्रोग्राम दुरुस्त केला. आता त्यातला पत्ता कॉम्प्युटरच्या अगदी मुळापासून सुरू होतो, प्रोग्राम कुठंही उभा असो. आणि मूळ 'नोंदी' दिसलं नाही तर नवं मांडायचं नाही, आधी बोंब मारायची, असंही तिनं त्यात घातलं. "हे झालं शहाण्या शिपायावानी," उकंडाभाऊ म्हणाला. मग त्यानं दुकानातून कोरी वही आणली.

पंधरा-वीस दिवसांनी डोंगरसिंग एकटाच आला. हातात पेढ्याचा पुडा. ममताचं प्रमाणपत्र झालं होतं, प्रवेश पक्का होता. पण म्हाताऱ्याला ते पान पुन्हा पाहायचं होतं. उकंडाभाऊनं रजिस्टर काढून समोर ठेवलं. डोंगरसिंगला वाचता येत नव्हतं. त्यानं विचारून आपलं नाव कोणतं ते पाहून घेतलं आणि त्यावर बोट ठेवून बसला.

"तीनच महिने आलतो म्या शाळेत," तो म्हणाला. "मले वाटे, वायाच गेले."

उकंडाभाऊनं पुडा सोडून एक पेढा त्याच्या हातावर ठेवला.

"पुढं पुन्हा लागलं तं सापडन ना हे? नातीच्या लेकराले लागलं तं? तू तं चालला म्हनते."

उकंडाभाऊनं नवी वही काढली आणि आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्याला वाचून दाखवली. "शाळेच्या मोठ्या फाटकातून आत यावे. झेंड्याच्या खांबाकडे पाठ करावी. व्हरांड्यातून रेकॉर्डच्या खोलीत जावे. टाकीकडच्या भिंतीपासून मोजत तिसरे कपाट, अंक तीन पांढऱ्या रंगाने लिहिला आहे. वरून दुसरा कप्पा. मागचा बस्ता."

त्यानं वही मिटली. ती आता त्याच्या खिशात राहत नाही, दाराच्या आत खिळ्याला सुतळीनं टांगलेली असते.

"सापडन," तो म्हणाला. "म्या नसलो तरी सापडन."