फुलदाणीची कड

आजेसासूबाईंची शंभर वर्षांची, मोरपंखी झाक असलेल्या काचेची फुलदाणी पॉलिश करून घरी आणताना तिची कड माझ्याच हातून फुटली आणि मी बायकोला सांगितलं, दिल्लीतल्या मुनिरक्याच्या कारागिराने फोडली.

हा माणूस काच हातात घेताना आणि परत देताना डोळे मिटून कडेवरून अंगठा फिरवतो. हे मी कितीदा पाहिलं होतं.

त्याच्या दुकानात जाऊन बायको त्याला म्हणाली, "भैया, गलती मान लो, बात खतम."

"नहीं मानूंगा, भाभीजी. मेरे हाथ से टूटती तो मैं ही बताता." तो हातातला दिवा पुसत राहिला. माझ्याकडे त्याने पाहिलंही नाही.

आठवड्याने बायकोला घेऊनच पुन्हा गेलो आणि तिच्यासमोर म्हणालो, "भाईसाहब, मैंने तोड़ी थी. झूठ भी मैंने बोला. माफ कर दीजिए."