इग्वाना, गोणी आणि पहूरचं स्थळ

आमच्या दुकानात उन्हाळ्यात दोन गोष्टी साचतात. एक, जळालेल्या कूलरच्या मोटारी. दुसरी, किस्से. मोटारी आमचे नाना नव्या तारेने भरून देतात आणि गिऱ्हाईक घेऊन जातं. किस्से न्यायला कुणी येत नाही, म्हणून ते मीच लिहून ठेवतोय. माझी शाळा नववीत सुटली, तेव्हा चूकभूल सांभाळून घ्या.

जळगावच्या पिंप्राळ्यात नानांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. नाना सर्पमित्रही आहेत. कुठे साप निघाला की लोक त्यांना फोन करतात. मी नानांच्या हाताखाली काम करतो आणि बाळूभाऊंची रिक्षा आम्हाला नेते-आणते. आता सापाचे फोन कमी झालेत. इग्वानाचेच जास्त येतात.

झालं असं, की गावाबाहेर एका हौशी माणसाने फार्महाउसवर हे परदेशी सरडे पाळले होते. हिरवेगार, पाठीवर काट्यांची रांग, गळ्याखाली लोंबती झालर, शेपटीसकट माझ्या हातापेक्षा लांब. तो माणूस फार्महाउस विकून गेला आणि पिंजऱ्यांची दारं उघडीच राहिली. नाना म्हणाले होते, उन्हाळ्यात संपतील बिचारे. पण जळगावचं जे ऊन आम्हाला सोसत नाही, ते त्यांना मानवलं. पोरंबाळं झाली, नातवंडं झाली. आम्ही पंख्याखाली, ते तापलेल्या पत्र्यावर.

आम्ही ते धरतो आणि वनखात्याच्या साहेबांकडे नेऊन देतो. माझ्या आईला मात्र हे पसंत नाही. मी अनोळखी माणसासमोर बोलत नाही, त्यामुळे माझं लग्न आधीच अडलेलं. त्यात हे. ती रोज डबा देताना विचारते, "सरडे धरणाऱ्याला मुलगी कोण देईल?"

मी डबा घेतो.

*

पहिला फोन एका सोसायटीतून आला. गच्चीवर मगरीचं पिल्लू आहे, लवकर या. आम्ही पोचलो तर बाई जिन्यातच उभ्या. वर बिबड्यांचं, म्हणजे ज्वारीच्या पापडांचं, वाळवण घातलेलं, आणि मधोमध इग्वाना ऊन खात पडलेला.

"बिबडे खाल्ले का त्याने?" नानांनी विचारलं.

"एकही नाही."

"तो पालाच खातो. मी लगेच धरतो."

बाईंनी नानांना बाजूला घेतलं आणि आवाज उतरवला. "दादा, परवा नेलं तर चालेल का? सकाळपासून एक चिमणी फिरकली नाही."

तिसऱ्या दिवशी आम्ही गेलो, तर शेजारच्या गच्चीवरच्या वहिनी म्हणाल्या, "आता आमच्याकडे दोन दिवस राहू द्या. आमचे पापड राहिलेत."

*

दुकानाच्या मागे अक्का राहतात, एकट्याच. त्यांच्या अंगणात जास्वंद आहे. इग्वानाला जास्वंद म्हणजे जिलेबी. देवासाठी रोज दहा फुलं निघायची, तिथे देठ निघायला लागले.

"मी त्याला तोंडावर सांगितलं," अक्का म्हणाल्या. "म्हटलं, उद्यापासून यायचं नाही. त्याने चांगली तीनदा मान हलवली. सकाळी बघते तर पुन्हा हजर. आमचे हे अगदी असेच करायचे."

नानांनी समजावलं, "अक्का, तो मान हलवतो म्हणजे हो म्हणत नाही. ही जागा माझी, असं सांगतो."

"तेच म्हणतेय मी," अक्का म्हणाल्या.

त्या दिवशी आमच्याकडे गोणी नव्हती. अक्कांच्याच गोणीत तो भरून नेला. दुसऱ्या दिवशी मी गोणी परत द्यायला गेलो. अक्कांनी ती घेतली, उलटी केली, झटकली आणि माझ्याकडे बघितलं.

"लेकरा, रिकामी परत देतात का कुणी? भांडं असो की गोणी, काहीतरी घालून द्यावं."

मी पळत जाऊन चार केळी आणली. तेव्हापासून दुकानाचा नियमच झाला. लोकांची गोणी, पिशवी, बादली, काहीही परत जाताना केळी घालूनच जातं.

*

एकदा तांब्याची तार आणायला धुळ्याला गेलो होतो. तिथल्या एका गिऱ्हाइकाच्या शेतात इग्वाना दिसला म्हणून नानांना बोलावणं होतं. हा धुळ्यापर्यंत कसा पोचला, तोच जाणे. केळीच्या गाडीतून गेला असावा, असं नाना म्हणाले. आम्ही तो धरेपर्यंत बांधावर पंधरा माणसं जमली. एक म्हातारे बाबा पुढे आले. त्यांना ती घोरपडच वाटत होती.

"यानं तेल निंघस का रे भो? माझं गुडघं दुखस."

नाना म्हणाले, "बाबा, ही घोरपड नाही, आणि असती तरी धरायची नसते. कायदा आहे. हा बाहेरच्या देशातला प्राणी. याच्या तेलाने काही होत नाही."

बाबांचा विश्वास बसेना. तेव्हा बाळूभाऊ पुढे झाले.

"बाबा, याचं तेल लावलं तर गुडघे याच्यासारखे होतील. दिवसभर उन्हात बसायला मागतील."

बाबांनी गुडघ्यावरून हात फिरवला. म्हणाले, "ते तर आत्तेबी मांगतस."

*

आता माझ्यावरचा किस्सा. चाळीसगावचं एक स्थळ जवळजवळ जमलं होतं. मुलीचे मामा गुपचूप चौकशीला आले. दुकानाजवळच्या चहाच्या टपरीवर त्यांनी विचारलं, की रिवाइंडिंगवाला पोरगा कसा आहे. टपरीवर नेमके बाळूभाऊ. माझं भलं करायची त्यांना भारी हौस.

"पोरगा एक नंबर. शांत. हात इतका हलका, की आपण धरले गेलोय हे सरड्यालाही कळत नाही."

मामा चहा अर्धा ठेवून स्टेशनला गेले.

त्या रात्री आईने मला समोर बसवलं. "पहूरचं स्थळ आलंय. माणसं चांगली आहेत. हे शेवटचं मी बघते. तिथे सरड्याचं नाव काढलं, तर यापुढे तुझं तू बघ."

*

रविवारी पहूरला निघालो. मी, आई, नाना आणि बाळूभाऊंची रिक्षा. आईने तिघांकडूनही शपथ घेतली होती. मोटारीबद्दल बोलायचं, दुसरं काही नाही.

मुलीच्या आजोबांना सगळे आबा म्हणत. आम्ही ओट्यावर चढलो, तसं आबांनी रिक्षाच्या मागच्या बाजूला बघितलं. "पाहुण्यांनी काहीतरी आणलंय. आत घ्या रे."

कुणीतरी गोणी उचलून आणली आणि टिपॉयजवळ ठेवली. आई खूश झाली. नानांना हळूच म्हणाली, "टरबुजं आणलीत का? कशाला त्रास घेतला?"

नानांनी बाळूभाऊंकडे बघितलं. बाळूभाऊंनी माझ्याकडे. ती गाठ माझ्याच हातची होती. शनिवारी संध्याकाळी एक धरला होता. वनखात्याचं ऑफिस बंद, म्हणून सोमवारपर्यंत रिक्षात ठेवला आणि तिघेही विसरलो.

मुलीची काकू गाठ सोडायला बसली. मला दोनच शब्द बोलायचे होते.

आबांनी विचारलं, "शिक्षण किती झालं?"

मी म्हणालो, "उघडू नका."

तोवर उघडलं होतं.

तो गोणी फाडतच निघाला आणि थेट कपाटावर. काकू स्वयंपाकघरात, पाहुणे ओट्यावर, आबा खाटेवर उभे. त्याने वरून सगळ्यांना बघितलं आणि मान हलवायला सुरुवात केली.

आबा म्हणाले, "हा कशाला हो म्हणून राहिला?"

मनीषा, म्हणजे मुलगी, पोहे घेऊन दारात आली होती. तिने ट्रे खाली ठेवला, आत गेली आणि घरातली कोरी गोणी घेऊन आली.

"ही फाटायची नाही," ती म्हणाली. "शेपटी धरायची नसते ना?"

"नाही," मी म्हणालो. "तुटते. आणि तिचा फटका लागतो. मानेमागे धरायचं, पोटाखाली हात द्यायचा, म्हणजे घाबरत नाही. नखांना जपायचं. चावत नाही सहसा. तुम्ही तोंड मोठं धरा गोणीचं."

तिने तोंड धरलं. मी तो आत सोडला. तिने गाठ मारली, माझ्यापेक्षा चांगली. नाना नंतर म्हणाले, सहा वर्षांत तुझं एवढं बोलणं ऐकलं नव्हतं.

परतताना वाटेत नेरी गाव लागलं. तिथे आई एवढंच म्हणाली, "त्यांची गोणी आपल्याकडे राहिली."

गुरुवारी आबांचा फोन आला. आईने स्पीकरवर घेतला. होकार नाही, नकार नाही. आबा म्हणाले, "आमची गोणी पाठवून द्या. पोरालाच पाठवा." मागून मनीषाचा आवाज आला, "रिकामी आणू नका म्हणावं."

आईने गोणी धुऊन वाळवली. केळ्यांची एक फणी घातली, वर नारळ ठेवला, तोंड बांधलं. मग गाठ सोडली, केळी-नारळ बाहेर काढले आणि मला म्हणाली,

"अक्कांच्या जास्वंदीवर आज एखादा बसलाय का, बघून ये."