तीनदा पास

घाटनांदूरच्या त्या झेरॉक्सवाल्या काकांचं नाव मी कधी विचारलंच नाही. कुणाचेही कागद परत देताना ते आधी स्वतःच्या कपाळाला लावत, एवढं मात्र पक्कं आठवतं.

एकदा, दुसऱ्या दिवशी माझं कॉम्प्युटरचं प्रॅक्टिकल होतं. लॅपटॉपच्या आत एक आभासी कॉम्प्युटर तयार करून त्यात लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम टाकायची होती. इन्स्टॉल शंभर टक्के व्हायचं, रीस्टार्ट व्हायचं आणि पुन्हा पहिल्यापासून 'भाषा निवडा'. लॅपटॉप घेऊन काकांकडे प्रिंट काढायला म्हणून गेले आणि तिथंच रडकुंडीला आले.

काका हात मागे बांधून वाकले. पडद्यावरची ओळन् ओळ ओठ हलवत वाचली.

"सीडी काढली का?"

"काका, यात सीडी नसते."

"असती की. तुला दिसत न्हाई, त्याला दिसती."

सेटिंगमध्ये पाहिलं तर खरंच होती. इन्स्टॉलची फाईल मीच सीडी म्हणून जोडली होती. ती आतच राहिल्यानं दर रीस्टार्टला इन्स्टॉल पुन्हा पहिल्यापासून सुरू होत होतं. ती काढली आणि लिनक्स सुरू झालं.

"तीनदा फेल गेलं हो," मी डोळे पुसत म्हणाले.

"फेल कुठं? तीनदा पास झालंय. तूच त्याला परत परत पहिलीत बसवायलीस."

मग त्यांनी माझा लॅपटॉप मिटला, कपाळाला लावला आणि माझ्या हातात दिला.