वासण्यापलीकडचं घुबड

ते आखूड कानांचं घुबड काकूंना दिसलं होतं, म्हणून ते कुणाला सांगायचं हेही त्यांनीच ठरवायचं. आम्हा बडोद्याच्या पक्षी पाहणाऱ्यांत एवढा नियम सगळेच पाळतात, निदान तोंडदेखला तरी. फतेगंजच्या या निवृत्त शिक्षिकेनंच मला पक्षी ओळखायला शिकवलं. त्या हिवाळ्यात वासण्याच्या पुढच्या गवताळ पडीक जमिनीवर त्या मला घेऊन गेल्या. घुबड चक्क जमिनीवर बसलं होतं, पिवळे डोळे अर्धवट मिटून. आमच्याकडे ते फार क्वचित येतं.

"ग्रुपवर टाकायचं नाही," काकू म्हणाल्या. "गर्दी झाली की उडणार, आणि दिवसा उडालं की कावळे सोडत नाहीत."

मी कबूल केलं आणि घरी येऊन तळमळत बसले. आमच्या ग्रुपमधले एक काका, रिफायनरीतून निवृत्त झालेले, कित्येक हिवाळे हेच घुबड शोधत होते. आणि येत्या रविवारी ते बडोदं कायमचं सोडून मुलीकडे पुण्याला निघाले होते. ना झोप लागत होती, ना कामात लक्ष.

शेवटी काकूंना फोन केला.

"त्यांना नको," त्या म्हणाल्या. "मागे एका घरट्याची जागा त्यांनीच सांगितली होती. फोटोवाल्यांनी फांद्या तोडल्या, पिल्लं गेली."

"माहीत आहे. पण ते चाललेत, काकू."

कधी निघणार, ते काकूंनी विचारून घेतलं. मग, "घेऊन ये. फोन गाडीतच ठेवायला सांग. मीही येते."

शनिवारी सकाळी काकांनी न कुरकुरता फोन गाडीच्या खणात ठेवला. धाकधूक मलाच. घुबड असेल ना? काका जवळ तर जाणार नाहीत? ते रस्त्यावरच थांबले. जड दुर्बीण एका जागी ठरेना, तेव्हा काकूंनी पुढे होऊन त्यांचं कोपर धरलं.

"दिसलं," ते हळूच म्हणाले. "चला, निघू या."

"थांबा की थोडं," काकूच म्हणाल्या.

काका पुण्याला गेले, तरी त्यांनी जागा फोडली तर नाही ना, म्हणून मी ऊठसूट ग्रुप उघडून पाहत राहिले. त्यांनी निरोपाचं लिहिलं होतं फक्त गुजराती "आवजो".

उन्हाळा लागला, घुबड निघून गेलं, तेव्हा काकूंनी स्वतःच फोटो टाकला. आधी का नाही सांगितलं म्हणून बरेच जण चिडले. पुण्याहून काकांनी काहीच न पाहिल्यासारखं लिहिलं, "भारे नसीबदार, बेन! आम्हाला कधी दिसायचं?"

लगेच काकूंचा फोन आला. "वाचलंस?" एवढंच म्हणाल्या.