मोटारींचा गोठा

माझ्या बायकोच्या मामांइतका मोटारींवर जीव लावणारा माणूस अख्ख्या बीड जिल्ह्यात दुसरा नाही, आणि त्यांच्याइतका मोटारीत कमी बसलेला माणूसही दुसरा नाही. मामांना गाडी लागते. लागते म्हणजे साधीसुधी नाही. टपाची बंदिस्त मोटार दहा पावलं सरकली की त्यांचा चेहरा कच्च्या कैरीच्या रंगाचा होतो आणि गावाची वेस यायच्या आत त्यांचं डोकं खिडकीबाहेर असतं. रेल्वे त्यांना चालते, मोटारसायकल चालते, ट्रॅक्टर तर फारच मानवतो. आमचं लग्न वडवणीला होतं. नवरीला बोहल्यापर्यंत आणायचा मान मामांचा, आणि मामा घाटनांदुराहून पहाटे निघालेले, ट्रॅक्टरवर. मुहूर्त आला तरी मामा आले नाहीत. लग्न लावणाऱ्या स्वामींनी तीनदा घड्याळ पाहिलं, माझ्या वडिलांनी चारदा माझ्याकडे पाहिलं. शेवटी पांढऱ्याशुभ्र धोतरावर तालुक्याभराची धूळ घेऊन मामा मांडवात शिरले आणि आधी माझ्याजवळ येऊन म्हणाले, "जावईबापू, उशीर झाला खरा. पन तेलगावच्या पुढं एक जुनी जीप उभी दिसली. लई देखणी. थांबावंच लागलं."

घाटनांदुरात स्टेशनच्या रस्त्याला मामांच्या वडिलांची आडत होती आणि आडतीच्या मागं लांबलचक पत्र्याचं गोदाम. एके काळी तिथं तुरीच्या आणि करडईच्या थप्प्या छताला टेकायच्या. पुढं धंदा मार्केट यार्डात गेला, पुतण्यांनी तो ताब्यात घेतला, आणि मामांच्या वाट्याला हे रिकामं गोदाम आलं. सिमेंटवाल्यांनी मागितलं, खतवाल्यांनी मागितलं, एका शिकवणीवाल्या सरांनी तर बाकं आणून दारात ठेवली. मामांनी सगळ्यांना चहा पाजून परत पाठवलं. मग एकदा अंबाजोगाईचे एक डॉक्टर आले. त्यांच्याकडे जुनी जीप होती. बंगल्याच्या अंगणात ती उभी असायची, पण डॉक्टरीणबाईंनी तिथं गुलाब लावायचे ठरवले होते. जीप कुठं ठेवावी या काळजीनं डॉक्टर स्वतःच्या पेशंटसारखे दिसत होते. मामांनी गोदामाचं दार उघडलं आणि म्हणाले, "आणा तिला."

त्या दिवसापासून मामांना आयुष्याचा हेतू सापडला. हौस म्हणून गाडी पाळणाऱ्या आणि घरी जागा नसलेल्या लोकांना ते गोदामात जागा भाड्यानं देऊ लागले. बाहेर पाटी लागली, ती मामांनी स्वतः रंगवली: 'हौशी लोकांच्या मोटारींसाठी सावलीची जागा मिळेल. कामाच्या गाड्या आणू नयेत.' गावानं त्या जागेला 'मोटारींचा गोठा' असं नाव दिलं आणि मामांना त्याचं काही वाईट वाटलं नाही. उलट ते म्हणाले की बरोबर आहे, जनावराला जशी वेळेवर वैरण लागते तसं यांनाही वेळेवर बघावं लागतं.

पण गोठ्यात जागा मिळवणं सोपं नव्हतं. मामा मुलगी द्यायची असल्यासारखी चौकशी करायचे. गाडी कुणाकडून आली, पावसात भिजली का, मागच्या मालकानं का सोडली. सगळ्यात शेवटचा प्रश्न ठरलेला असायचा: "घरात कुनाचा इरोध हाय का?" विरोध नाही म्हणणाऱ्याला ते जागा देत नसत. त्यांचं म्हणणं, ज्या हौसेला घरात कुणीच नाक मुरडत नाही ती हौस खरी नसते. एकदा एक तरुण कंत्राटदार आपली नवीकोरी काळी गाडी घेऊन आला. कर्णा असा, की स्टेशनवरच्या लोकांना गाडी आली असं वाटून ते पिशव्या उचलून उभे राहिले. मामांनी गाडीला एक फेरी मारली आणि शांतपणे सांगितलं, "मालक, ही तुमची हौस न्हाई, तुमची जाहिरात हाय. ही लोकात उभी करा. हितं अंधारात कावून ठेवता?" कंत्राटदाराला राग यावा की आनंद व्हावा हे कळेना. तो चहा पिऊन गेला.

हळूहळू गोदामात पाच गाड्या झाल्या. प्रत्येकीची जागा जमिनीवर चुन्यानं आखलेली. चपला बाहेर काढूनच आत जायचं. सकाळी पूजा आटोपली की कपाळावरचं भस्म वाळायच्या आत मामा फडकं घेऊन गोदामात हजर. उंदरांनी वायरी कुरतडू नयेत म्हणून त्यांनी दोन मांजरी पाळल्या होत्या, आणि मांजरींनी टपावर झोपू नये म्हणून त्यांच्यासाठी कोपऱ्यात पोती अंथरली होती. मामी मला म्हणायच्या, "आलेल्या मानसाला पानी इचारत न्हाईत, पन गाड्यांचं अंग पुसतेत." हे मात्र खोटं. पाणी ते विचारायचे, फक्त ते गाडीच्या रेडिएटरबद्दल असायचं.

स्वतःची गाडी बाहेर काढायलासुद्धा मालकाला मामांपुढं सबळ कारण द्यावं लागे. डॉक्टर एकदा जीप न्यायला आले आणि भाजी आणायला जातो म्हणाले. मामा म्हणाले, भाजीला पिशवी लागते, जीप लागत नाही. तेव्हापासून डॉक्टर दर वेळी धारूरचा किल्ला बघायला जातो असं सांगू लागले. एका रविवारी डॉक्टरीणबाईंचा फोन आला. त्यांना वाटत होतं की आपला नवरा पेशंट तपासायला गेलाय. मामांनी अत्यंत प्रामाणिकपणे सांगितलं की या महिन्यात किल्ल्यावरची ही त्यांची चौथी खेप आहे. त्यानंतर दोन रविवार जीप हलली नाही.

पाच गाड्यांत मामांची लाडकी होती एक साईच्या रंगाची अँबेसिडर. तिचे मालक एक निवृत्त मुख्याध्यापक. सगळं गाव त्यांना गुरुजी म्हणायचं आणि ते मामांना अप्पा म्हणायचे. गुरुजींनी ती गाडी जुनी विकत घेतली होती आणि पुढं वर्षानुवर्षं स्कॉलरशिपच्या परीक्षेला गावातली पोरं त्याच गाडीत कोंबून अंबाजोगाईला नेली होती. एका खेपेला नऊ. मागच्या सीटवर शाईचा डाग होता, तो गुरुजींनी कधी धुऊ दिला नाही. मग काचबिंदूनं त्यांची नजर गेली. आधी एक डोळा, दोन वर्षांत दुसरा. गाडी गोठ्यात आली आणि दर गुरुवारी गुरुजी रिक्षानं येऊ लागले.

ते आले की मामा त्यांना हात धरून ड्रायव्हरच्या जागेवर बसवायचे आणि स्वतः शेजारी बसायचे. उभी गाडी मामांना लागत नसे. मग दोघं प्रवासाला निघायचे. गाडी जागेवरून हलायची नाही, किल्लीही फिरायची नाही. गुरुजी स्टिअरिंग धरायचे आणि मामा समोरच्या पत्र्याच्या भिंतीकडे बघत रस्ता सांगायचे. एकदा मीही मागं बसलो होतो. निघायच्या आधी गुरुजींनी मला दार नीट लावायला सांगितलं. केजपर्यंत ठीक चाललं होतं. पुढं मांजरसुंब्याच्या घाटात मामांनी वळण सांगायला उशीर केला आणि गुरुजी रागावले. "अप्पा, लक्ष कुठंय तुमचं? खाली दरी आहे." मामांनी मनापासून माफी मागितली. मांजरसुंब्याला आम्ही चहाला थांबलो, म्हणजे मामींनी चहा आणला. परत येताना ऊन डोळ्यावर येतंय म्हणून गुरुजींनी समोरची झडप खाली केली. मी हसायला तोंड उघडलं होतं, ते तसंच मिटलं.

गेल्या वर्षी गुरुजींच्या मुलाचा पुण्याहून फोन आला. मुलगा चांगला, बापाची काळजी करणारा. त्याला एकच भीती होती, की एखाद्या गुरुवारी वडील खरंच किल्ली फिरवतील. त्यानं लातूरचं एक गिऱ्हाईक बघितलं होतं. गुरुजी मुलाला 'तू म्हणशील तसं' म्हणाले आणि त्या गुरुवारी मामांच्या शेजारी येऊन नुसते बसून राहिले. कुठंच गेले नाहीत.

मामांनी मला फोन करून बोलावून घेतलं. गाडी त्यांची नव्हती, विकू नका म्हणायचा त्यांना हक्क नव्हता. पण गिऱ्हाइकाला गाडी दाखवायचं काम त्यांच्याकडे होतं, आणि गाडीचे सगळे दोष खरेखुरे सांगायला कुणाची बंदी नव्हती. गिऱ्हाईक पळून गेलं पाहिजे, असा साधा बेत होता. गुरुजींनीही मान डोलावली होती.

लातूरचा माणूस आला. औषधाचं दुकान चालवणारा, तिशी-पस्तिशीचा, हळू बोलणारा. बरोबर बायको होती. मामांनी सुरुवात केली. पत्रा खालून गंजलाय. ब्रेक दोनदा दाबावा लागतो. पाऊस आला की डावीकडून पाणी आत येतं. सकाळी तर इंजिन सुरू व्हायला अर्धा तास लागतो, तेही तिच्या मनात असलं तर. माणूस गुमान ऐकत होता, त्याची बायको आशेनं ऐकत होती, आणि गुरुजी बाजूच्या खुर्चीवर बसून ऐकत होते. ब्रेकपर्यंत ते गप्प राहिले. पाण्यापर्यंतही त्यांनी सोसलं. इंजिनाचं नाव निघालं तेव्हा ते उठून उभे राहिले.

"अप्पा, खोटं बोलायचं काम नाही," ते म्हणाले. "तीस वर्षांत या गाडीनं मला एकदा रस्त्यात उभं केलेलं नाही. किल्ली द्या इकडं."

मामांनी त्यांचा हात दाबला, खाकरून पाहिलं. उपयोग झाला नाही. गुरुजी चाचपडत आत बसले आणि किल्ली फिरवली. गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. होणारच होती. गेली तीन वर्षं दर सोमवारी मामा स्वतः तिचं इंजिन दहा मिनिटं चालवून ठेवत होते. पत्र्याच्या गोदामात तो आवाज भरून राहिला. गुरुजींचा चेहरा मी त्या दिवशी पाहिला तसा आधी कधी पाहिला नव्हता. लातूरच्या माणसानं बॉनेटवर तळहात ठेवला, थोडा वेळ तसाच ठेवला आणि विचारलं, "गुरुजी, चालताना ओढते कुठल्या बाजूला?"

"डावीकडं. पण अगदी जराशी."

मामांनी ओळखलं की आता अवघड आहे. शेवटचा उपाय म्हणून त्यांनी आपला ठरलेला प्रश्न विचारला, घरात कुणाचा विरोध आहे का म्हणून. माणसानं मान खाली घातली. त्याची बायको पुढं आली आणि म्हणाली, "माझा आहे ना. घरात एक जुनी उभी आहे, तिच्यासाठी आम्ही न्हाणीघर पाडलं. आता हिच्यासाठी काय पाडायचं ते तुम्हीच सांगा यांना."

मामांनी हातातलं फडकं खाली ठेवलं. त्यांच्या परीक्षेत इतका चांगला पास झालेला उमेदवार आजवर आला नव्हता.

गाडी त्याच दिवशी न्यायची ठरली. निघताना त्या माणसानं आपणहून विचारलं की गुरुजी रेणापूरपर्यंत येता का बरोबर, तिथून परत यायला बस आहे. गुरुजी हो म्हणाले. पुढं बसा म्हटलं तर म्हणाले, "नको. माझ्याच गाडीत मी मागं कधी बसलो नाही. बघू कसं वाटतं." आणि मग ते दाराशी घुटमळले. एकट्यानं जायचं त्यांच्या जिवावर आलं होतं, हे मला दिसलं, मामांनाही दिसलं. मामांनी मामींकडून दोन लिंबं आणि एक पिशवी मागून घेतली, देवाचं नाव घेतलं आणि गुरुजींच्या शेजारी जाऊन बसले. मामी दारात तोंडाला पदर लावून उभ्या राहिल्या. चाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी नवऱ्याला प्रवासाला निघालेल्या मोटारीत असं आपणहून बसताना पाहिलं नव्हतं.

मी मोटारसायकलवर मागं निघालो. सगळ्या वाटेत मला मागच्या काचेतून दोन पांढरी डोकी दिसत होती. एक ताठ. दुसरं दर काही मैलांनी खिडकीबाहेर येत होतं. रेणापूरला दोघं उतरले. मामांना उभं राहवत नव्हतं, ते रस्त्याच्या कडेच्या दगडावर बसले. गुरुजींनी टपाला हात लावला, गाडी गेली, आणि आवाज येईनासा होईपर्यंत ते तोंड तिकडंच करून उभे होते. मग त्यांनी विचारलं, "अप्पा, बरे आहात ना?"

मामांनी चूळ भरली, तोंड पुसलं. "बरा हाय," ते म्हणाले. "गुरुजी, चालती बी चांगलीच हो. मला उभीच ठावूक हुती."

परत येताना बसमध्ये, मला मागाहून कळलं तसं, मामांना पुन्हा त्रास झाला. या वेळी गुरुजींनी त्यांची पाठ चोळली.

मला वाटलं होतं की आता गुरुवार संपले. पण मागच्या महिन्यात अंबाजोगाईला काम होतं म्हणून घाटनांदूरला वाट वाकडी केली, तर गोदामाच्या बाहेर, रस्त्याच्या कडेला, दोघं बाकावर बसलेले. गुरुजी येतात, अजूनही रिक्षानंच. आत जात नाहीत. रस्त्यानं वाहनं जातात, गुरुजी विचारतात कोणती, मामा सांगतात. मीही टेकलो. समोरून मालानं भरलेला एक टेंपो धडधडत, काळा धूर सोडत गेला.

"कोणती?" गुरुजींनी विचारलं.

"अँबेसिडर," मामा म्हणाले. "पांढरी."

मी गुरुजींकडे पाहिलं. तीस वर्षं ज्यानं अँबेसिडरचा आवाज ऐकलाय त्याला टेंपोचा आवाज कळणार नाही, असं होणार नव्हतं. ते कान देऊन बसले होते. आवाज स्टेशनकडे वळला आणि हळूहळू विरला.

"सायलेन्सर गेलाय हो तिचा," ते म्हणाले.

"मालक बघत न्हाई."

"असे असतात लोक. त्याला सांगा, आपल्याकडं आणून लाव म्हणावं. आपण बघू तिचं."

"सांगतो," मामा म्हणाले. मग ते बराच वेळ टेंपो गेला त्या बाजूला बघत राहिले, आणि मला त्यांनी पाणीसुद्धा विचारलं नाही.